अधूनमधूनचा दोष

२ फेब्रुवारी, सोमवार

लॅपटॉप घेतला. विक्रेता टाय लावून उभा होता आणि टायपलीकडे त्याला काही येत नव्हतं. ‘सर, सगळे हेच मॉडेल नेतात,’ म्हणाला. सगळे काय नेतात यावर मी वस्तू ठरवत असतो तर पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभाग सांभाळला नसता. खिशातली सहा इंची पट्टी काढून झाकणाची फट चारही बाजूंनी मोजली. एका कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर जास्त. त्याला दाखवली, तर म्हणतो, ‘सर, हे कोणी बघत नाही.’ मी बघतो, म्हटलं. दुसरा नग काढायला लावला.

हिला बरोबर नेलं होतं, कारण येताना पडद्यांचं कापड बघायचं होतं. दुकानात गप्प बसेल ती ही कसली! ‘यावर ड्रॉइंग काढता येतात का हो?’ असं त्या टायलाच विचारलं. तो लगेच सुरू, हे सॉफ्टवेअर चालतं, ते चालतं. मी म्हटलं, ‘अगं, हे खेळणं नाही.’ मग त्याने बिल करायला घेतलं.

३१ मार्चला मी निवृत्त होतो. त्याआधी पुस्तकाची दोन प्रकरणं तरी व्हायला हवीत. नाव ठरलं आहे, ‘दोष ओळखण्याची दृष्टी’. माझ्यामागे विभाग सांभाळणार आहेत ते दोन दिवटे, त्यांना तडा कोणता आणि ओरखडा कोणता हे भिंग देऊनही कळत नाही. त्यांच्यासाठी लिहायचं. वाचणार नाहीत, पण लिहायचं.

चार्जर माझ्या टेबलाच्या खणात, कुलपात. तो सारखा लावून ठेवला की बॅटरी मरते. रोज सकाळी पूर्ण भरून काढून ठेवायचा. पासवर्ड विसरायला नको म्हणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. शर्टांच्या मागे कोण बघायला जातंय!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावरून आल्यावर एक तास लेखन. दीड पान. पहिलं वाक्य पक्कं झालं: ‘जो बघतो त्याला दिसतंच असं नाही.’ हिला वाचून दाखवलं. ‘खरंय,’ म्हणाली आणि कुकर बघायला गेली. हिच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी लॅपटॉप उघडला तर बॅटरी एकतीस टक्के. सकाळी शंभर करून, बंद करून गेलो होतो. दहा तास चालते असं त्या टायने छातीठोक सांगितलं होतं. इथे नुसती ठेवल्या ठेवल्या संपते. आज मोजमाप नाही, त्यामुळे निष्कर्ष नाही. उद्यापासून नोंद ठेवतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काल अडतीस, आज चोवीस. खालच्या बाजूला हात लावला तर ऊबदार. बंद वस्तू ऊबदार कशी असेल? शिवाय स्क्रीनवर एक अनोळखी चिन्ह आलं आहे, लाल त्रिकोण. कंपनीने न मागता घुसवलेला कचरा असणार. काढून टाकलं.

हिला विचारलं, ‘दिवसा यातून काही आवाज येतो का?’

‘येतो. पंख्यासारखा.’

‘किती वाजता?’

‘जेवण झाल्यावर जास्त.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तुम्ही विचारलं नाहीत.’

ही उत्तरं मी जशीच्या तशी नोंदीत उतरवली. दुपारी एकनंतर पंखा फिरतो. म्हणजे बंद असतानाही आत काहीतरी चालू आहे. साक्षीदार मठ्ठ असला तरी साक्ष उपयोगी पडते.

हिने वाचायचा चष्मा केला आहे. गॅसच्या पावतीपलीकडे ही काय वाचते, कोण जाणे.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभर घरी बसून लॅपटॉपवर पहारा दिला. सकाळी नऊला शंभर टक्के, संध्याकाळी सहाला शंभर टक्के. थंडगार. आवाज नाही.

आमच्या धंद्यात याला अधूनमधूनचा दोष म्हणतात. सगळ्यात वाईट जात. तपासायला घेतलं की मशीन सज्जनासारखं वागतं, पाठ फिरली की पुन्हा सुरू. असा दोष पकडायला अक्कल लागते आणि ती सर्व्हिस सेंटरमध्ये मिळत नाही.

तर दोष फक्त कामाच्या दिवशी, नऊ ते सहाच्या दरम्यान प्रकटतो. उष्णता म्हणावी तर रविवारीही ऊन होतंच. विजेचा दाब म्हणावा तर चार्जर लावलेलाच नसतो. घरातल्या माणसाचा प्रश्न येत नाही. ही तर त्यावरची धूळसुद्धा हात लांब करून पुसते.

लाल त्रिकोण परत आला आहे. पुन्हा काढला.

ही दिवसभर चुळबुळत होती. तीन वेळा म्हणाली, ‘तुम्ही जरा बाहेर फिरून का येत नाही?’ माणूस आठवड्यातून एक दिवस घरी असतो तोही सहन होत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून सर्व्हिस सेंटरला. काउंटरपलीकडे एक वेणीवाली मुलगी. मी म्हटलं, इंजिनिअरला बोलवा. म्हणाली, ‘मीच आहे सर.’ मग बोलायचं कोणाशी!

नोंदवही तिच्यापुढे ठेवली. तारीख, वेळ, टक्के, स्पर्शाला तापमान, साक्षीदाराचं निवेदन. तिने ती बाजूला सारली आणि मशीनमध्ये शिरली. दहा मिनिटं बटणं दाबत राहिली. मग म्हणाली, ‘सर, बॅटरी उत्तम आहे. मशीन रोज साडेदहाला सुरू होतं आणि पाचच्या सुमाराला बंद होतं. यात नोंद आहे.’

‘तोच तर दोष. आपोआप सुरू होतं.’

‘पासवर्ड टाकून सुरू होतं, सर.’

‘मग तुमची नोंद चुकीची आहे.’

तिने माझ्याकडे बघितलं. ‘दिवसा घरी कोण असतं?’

‘कोणी नाही. पत्नी असते.’

वेणीवालीने पुन्हा स्क्रीनकडे तोंड केलं. कुठलीतरी फाइल उघडली, बराच वेळ बघत राहिली. मी पलीकडून डोकावायला गेलो तेवढ्यात तिने ती मिटली. ‘लाल त्रिकोण काढू नका सर,’ म्हणाली. ‘तो व्हायरस नाही.’

‘मग काय आहे?’

‘कामाचं सॉफ्टवेअर आहे.’

‘कोणाच्या कामाचं?’

यावर बाईसाहेबांनी पावती लिहायला घेतली. ‘दोष आढळला नाही.’ मी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘अमान्य’, आणि सही केली.

१ मार्च, रविवार

लेकीचा फोन. आमची एकुलती एक. लग्न होऊन दुसऱ्या शहरात. तिला सगळं सविस्तर सांगितलं. मग म्हणाली, ‘बाबा, मशीन चांगलं आहे. राहू द्या ना.’

‘तुला काय कळतं?’

‘आईशी बोललात का?’

‘तिचा काय संबंध?’

‘आईशी बोला, बाबा.’ असं म्हणून फोन ठेवला. जावयाने लेकीला काहीही शिकवलेलं दिसत नाही. मोठ्यांशी बोलताना फोन आधी ठेवायचा नसतो, एवढंही नाही.

४ मार्च, बुधवार

कंपनीच्या मुख्य कार्यालयाला तक्रारपत्र. अकरा पानं, दोन आलेख. हिला समोर बसवून पूर्ण वाचून दाखवलं, म्हणजे सामान्य बुद्धीच्या माणसाला कळतं का ते तपासता येतं. ही पडद्याला टीप घालत होती. ‘मशीन बदलून द्यावं’ या वाक्यावर सुई थांबली.

‘बदलून देतील?’

‘द्यावंच लागेल.’

‘आणि जुन्यातलं असेल ते?’

‘त्यात काय आहे? माझी चार पानं. ती मी काढून घेईन. बाकी पुसून टाकतात.’

‘सगळं?’

‘सगळं.’

‘पुसून?’ पुन्हा विचारलं हिने. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते. मी आठवं पान सुरू केलं.

१० मार्च, मंगळवार

विजय! कंपनीचं उत्तर आलं: ‘आमच्या तपासणीत दोष आढळलेला नाही, तथापि ग्राहकाच्या समाधानासाठी नवा नग देण्यात येईल.’ दोष नाही आणि तरी नवा नग! चोराने माल परत द्यावा आणि वर म्हणावं, मी चोर नाही, त्यातलाच प्रकार. परवा, गुरुवारी, जुनं मशीन जमा करायचं.

जेवताना ही म्हणाली, ‘शुक्रवारी नेलं तर चालणार नाही का?’

‘का?’

‘गुरुवारी संध्याकाळपर्यंत काम आहे माझं.’

‘तुझ्या कामाचा आणि माझ्या लॅपटॉपचा संबंध काय?’

हिने माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांगणार असं वाटलं. मी घास हातात घेऊन थांबलोही होतो. पण मग, ‘काही नाही,’ म्हणाली आणि माझ्या ताटात भाजी वाढली. मला नको होती.

१२ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी ही तयार होऊन उभी. ‘मीही येते,’ म्हणाली. मला वाटलं पडद्यांच्या कड्या आणायच्या असतील. सर्व्हिस सेंटरला पोचलो. वेणीवालीने पेटीतून नवा नग काढून ठेवला आणि म्हणाली, ‘जुन्यातलं सगळं पुसते मी आता. एकदा खात्री करून घ्या.’ माझी पानं मी काढून घेतली होती. मी ‘पुसा’ म्हणणार इतक्यात ही पुढे आली.

‘थांबा. माझं काढून घ्यायचंय.’

मी म्हटलं, ‘तुझं काय आहे यात?’

हिने पिशवीतून चष्मा काढला, मशीन स्वतःकडे वळवलं आणि पासवर्ड टाकला. न अडखळता. मग ‘शिलाई’ नावाचा एक फोल्डर उघडला, जो मी शिलाईचाच म्हणून कधी उघडला नव्हता. आत शिलाईचं काही नव्हतं. ड्रॉइंग होती. कपाटं, ओटे, खणांचे जोड, बिजागऱ्या, मापांसकट. त्रेचाळीस.

लग्नाआधी हिने आरेखनाचा दोन वर्षांचा कोर्स केला होता. हे मला माहीत होतं. म्हणजे पत्रिका बघताना माहीत होतं.

‘फर्निचरच्या एका वर्कशॉपने चाचणीसाठी काम दिलंय,’ ही म्हणाली. मला नाही, वेणीवालीला. ‘आज पाचपर्यंत पाठवायचंय. शेवटचं राहिलंय. तासभर लागेल.’

‘बसा ना काकू,’ वेणीवाली म्हणाली. तिने स्वतःची खुर्ची दिली, चार्जर लावला, माउस दिला. जणू काही हे दोघींचं आधीच ठरलेलं. मी ग्राहकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. एक तास वीस मिनिटं. आजूबाजूला लोक आपापली मोडकी यंत्रं घेऊन बसलेले. नुसती शोभा.

शेवटी उठून हिच्या मागे जाऊन उभा राहिलो. ड्रॉइंग वरपासून खालपर्यंत तपासलं. चौतीस वर्षांची सवय आहे, चूक सापडतेच. सापडली.

‘मागच्या फळीची रुंदी दिलेली नाही.’

‘मुद्दाम नाही दिली. भिंत कधीच सरळ नसते. ते माप सुताराने जागेवर घ्यायचं असतं. खाली लिहिलंय बघा.’

खाली लिहिलं होतं.

‘तू खोटं बोललीस,’ मी म्हटलं.

‘काय खोटं बोलले? आवाज येतो का विचारलंत, येतो म्हटलं. किती वाजता विचारलंत, ते सांगितलं. कोण वापरतं, हे विचारलं नाहीत.’

‘आधी सांगता आलं असतं.’

‘दुकानात सांगायला गेले होते की. खेळणं नाही म्हणालात.’

वेणीवाली पेन ड्राइव्हमध्ये फाइली भरत होती. मान वर केली नाही, पण कान इकडेच. सगळं झाल्यावर म्हणाली, ‘सर, मग आता बदलायचं आहे का? मशीनमध्ये तर काही दोष नाही.’

ही म्हणाली, ‘राहू द्या ना. हेच बरं आहे.’

दोघी माझ्याकडे बघत होत्या. अकरा पानांचं पत्र माझ्या सहीचं. मागे घ्यायचं म्हणजे काय लिहून द्यायचं? की माझ्या घरात साडेदहा ते पाच काय चालतं ते मला कळलं नाही?

‘बदला,’ मी म्हटलं. ‘तक्रार नोंदलेली आहे.’

वेणीवालीने पुसायला सुरुवात केली. ही बाहेर जाऊन उभी राहिली.

१३ मार्च, शुक्रवार

घरात बोलणं नाही. म्हणजे ही नेहमीसारखं बोलते, चहा घेता का, पाणी तापलंय. मीच बोलत नाही आणि ते हिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहून ठेवतो. ड्रॉइंग स्वच्छ होतं. आमच्या कारखान्यातले दिवटे जन्मात असं काढणार नाहीत.

२१ मार्च, शनिवार

नवा नग उत्कृष्ट. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. थंड. पुस्तकात या प्रकरणावर एक उदाहरण घालावं म्हणून बसलो होतो. ‘अधूनमधूनच्या दोषाची कारणमीमांसा’ इतकं लिहिलं आणि पुढे सरकलं नाही. बॅटरीचा प्रश्नच नव्हता.

हिला वर्कशॉपचं बोलावणं आलं. काम पक्कं. रोज नऊ ते सहा. ‘सहा तारखेपासून जाणार आहे,’ म्हणाली. जाऊ का, असं नाही. मी विचारलं, ‘आणि माझं जेवण?’ ‘करून ठेवेन. तापवायचं तुम्ही.’ लेक फोनवर इतक्या जोरात किंचाळली की मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी आता कामाला लागायचं, हे नवीन खूळ आहे.

३१ मार्च, मंगळवार

निरोप समारंभ. साहेबांचं भाषण तीन मिनिटांचं, त्यात माझं पद दोन वेळा चुकीचं सांगितलं. भिंतीवरचं घड्याळ दिलं. दोन दिवट्यांपैकी थोरला म्हणाला, ‘सर, तुमच्यासारखं बघणारं कोणी नाही.’ बरोबर आहे. पण तो हे म्हणताना दुसऱ्या दिवट्याकडे बघत होता, आणि दुसरा जमिनीकडे.

७ एप्रिल, मंगळवार

हिचा दुसरा दिवस. साडेआठला जाते. जाताना दार ओढून घेते, मी आतून कडी लावतो. मग घर इतकं शांत होतं की फ्रिज सुरू झालेला कळतो.

दुपारी एक ओळ लिहून खोडली. जेवण तापवताना भांडं करपलं. पातेल्याचा तळ पातळ आहे, निकृष्ट बनावट. घासून ठेवलं. हिने आल्यावर पातेलं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते जागेवर ठेवलं. मग वर्कशॉपमधलं सांगत बसली, कोणत्या लाकडाला पाणी लागलं, कोणता सुतार काय बोलला. जेवण होईपर्यंत. इतकं बोलताना हिला मी पूर्वी पाहिलेलं नाही, किंवा मी ऐकत नसेन. मध्ये एकदा मी ‘मग?’ असं विचारलं. ते कसं विचारलं गेलं, माहीत नाही.

९ एप्रिल, गुरुवार

ही मोबाइल घरी विसरून गेली. अकराला तो वाजायला लागला, थांबेना. उचलला तर वर्कशॉपमधून हीच. ‘अहो, एका गिऱ्हाइकाची मापं आहेत त्यात. आणून देता का?’

‘मी?’

‘घरी अजून कोण आहे?’

गेलो. शहराबाहेर पत्र्याची लांबलचक शेड, आत भुसा आणि करवतीचा आवाज. कामाची शिस्त काही दिसली नाही. अर्धवट कपाटं वाटेत उभी, जमिनीवर खिळे. आमच्या कारखान्यात अशा माणसांना मी दारातूनच परत पाठवलं असतं. भिंतीवर ड्रॉइंग टाचून ठेवलेली. त्यातल्या एकासमोर एक म्हातारा सुतार हातात टेप घेऊन उभा होता, बोटाने रेघ धरून वाचत होता, माप घेत होता, पुन्हा वाचत होता. मी मागून तपासलं. कोपऱ्यात ‘आरेखन’ या शब्दापुढे हिचं पूर्ण नाव. ते असं पूर्ण लिहिलेलं शेवटचं कधी बघितलं, आठवेना.

तयार झालेलं एक कपाट बाजूला होतं. दाराची फट मोजली. पट्टी खिशात असतेच. वर दोन, खाली दोन. मधे दोन.

‘कोण पाहिजे?’ म्हाताऱ्याने विचारलं.

मी म्हटलं, ‘मॅडम आहेत का?’

‘आत मापं घेतायत. तुम्ही कोण त्यांचे?’

‘फोन द्यायला आलोय,’ म्हटलं.

‘मग बसा की. येतील.’

त्याने एक स्टूल पायाने पुढे सरकवलं. बसलो. एक पाय आखूड होता, चांगला तीन-चार मिलिमीटरने, डोळे मिटूनही कळावं असा. पट्टी खिशातच राहू दिली. तोल सांभाळून बसून राहिलो.